गरोदरपणातील सिफिलिस : तपासणी आणि इंजेक्शन एकाच दिवशी हवे

सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार झालेल्या गरोदर स्त्रीला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. सुरुवातीची जखम दुखत नाही आणि आपोआप भरूनही येते. जंतू मात्र रक्तात राहतो आणि वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचतो. उपचार न झाल्यास अशा निम्म्याहून अधिक गरोदरपणांत गर्भपात होतो, बाळ मृत जन्मते, अपुऱ्या दिवसांचे होते, जन्मानंतर दगावते किंवा आजार घेऊनच जगात येते. जन्मताना धडधाकट दिसलेल्या बाळाचे नाक काही आठवड्यांनी सतत वाहू लागते, तळहात-तळपायांची कातडी सोलवटते. हाड इतके दुखते की बाळ एक हात हलवतच नाही, आणि घरच्यांना वाटते, हात मुरगळला असेल. पुढे बहिरेपण आणि अंधत्वाचाही धोका असतो.

हे सगळे टाळणारे औषध जुने आणि स्वस्त आहे : बेंझाथिन पेनिसिलिन, 24 लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत विभागून. संसर्ग अलीकडचा असेल तर एकदाच. जुना असेल किंवा कधीचा ते सांगता येत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. अझिथ्रोमायसिन वा एरिथ्रोमायसिनच्या गोळ्यांवर गर्भाच्या बाबतीत विसंबता येत नाही. शिवाय उपचार प्रसूतीच्या किमान 30 दिवस आधी सुरू झाला, तरच तो पुरेसा मानला जातो.

गरोदर मातांची सिफिलिस तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. घोडे अडते ते पुढे. रक्ताचा नमुना तालुक्याला जातो आणि अहवाल येईपर्यंत पहिलटकरीण माहेरी गेलेली असते किंवा जोडपे ऊसतोडीला निघून गेलेले असते. अहवाल सासरच्या गावच्या केंद्रात पडून राहतो. बोटातील थेंबभर रक्तावर सुमारे वीस मिनिटांत निकाल देणारी किट आज उपलब्ध आहेत, एचआयव्ही आणि सिफिलिस एकाच पट्टीवर तपासणारीसुद्धा. ती उपकेंद्रापर्यंत पोहोचलीच पाहिजेत. किटचा निकाल पॉझिटिव्ह आल्यास पहिले इंजेक्शन त्याच दिवशी द्यावे. व्हीडीआरएल या प्रयोगशाळेतील रक्तचाचणीसाठी नमुना जरूर घ्यावा, पण त्याच्या अहवालासाठी खोळंबू नये.

दुसरा अडसर भीतीचा. पेनिसिलिनची रिअॅक्शन जिवावर बेतू शकते, म्हणून बाईला जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली जाते आणि एका दिवसाची मजुरी बुडवून तिने जावे अशी अपेक्षा धरली जाते. तीव्र रिअॅक्शन क्वचित येते. अॅलर्जीचा इतिहास विचारणे, अॅड्रेनालिन हाताशी ठेवणे, इंजेक्शननंतर अर्धा तास बसवून ठेवणे हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्यातले आहे. पिंपरीत 1950च्या दशकातच पेनिसिलिन बनवू लागलेल्या राज्यात ते केंद्रावर टोचायला कचरावे, हे पटणारे नाही.

नवऱ्यावर उपचार झाले नाहीत तर बाईला पुन्हा लागण होते. त्याला बोलवावे, पण निकाल व्हरांड्यात सर्वांसमोर कधीच सांगू नये. एकदा बोभाटा झाला की ती पुन्हा केंद्राची पायरी चढत नाही. शेवटच्या तिमाहीत तपासणी पुन्हा व्हावी, आणि माता-बाल संरक्षण कार्डाविना थेट बाळंतपणाला आलेल्या स्त्रीची प्रसूतिगृहातच.

क्यूबाने 2015 मध्ये आणि श्रीलंकेने 2019 मध्ये आईकडून बाळाला होणारे सिफिलिसचे संक्रमण रोखल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. श्रीलंकेत यामागे घरोघर जाणाऱ्या सुईणींचे भक्कम जाळे आहे. महाराष्ट्रात आशाताई आणि एएनएम आहेत. त्यांच्या हाती किट आणि केंद्रात पेनिसिलिनचा अखंड साठा द्यायचा आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर तपासणीची आणि इंजेक्शनची तारीख शेजारी-शेजारी लिहावी, आणि जिल्ह्याच्या मासिक आढाव्यात या दोन तारखांमधले अंतर विचारले जावे.