शस्त्राची प्रतिष्ठा आणि रयतेचे धान्य

ज्या समाजाला आपल्या पूर्वजांच्या शस्त्रपराक्रमाचा अभिमान वाटतो, त्याने त्या शस्त्रांच्या अमलाखाली राबणाऱ्या रयतेच्या कोठारात किती धान्य उरत होते, हा प्रश्नही स्वतःस विचारला पाहिजे. आणि रायपुरात वास्तव्य करणाऱ्या आम्हां मराठी मंडळींवर तर ही जबाबदारी विशेष आहे, कारण छत्तीसगडच्या या भूमीवर आमच्या भाषेचा अंमल नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेबरोबर आला.

1741 मध्ये रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करपंत रतनपुरावर चालून आले, हैहय राजा रघुनाथसिंह शरण गेला आणि शहरावर एक लाख रुपयांची खंडणी बसली. पुढे रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपुरासच राहिले, तेथील टेकडीवर त्यांनी राममंदिर उभारले, आणि प्रजेच्या सन्निध राहणारा राज्यकर्ता म्हणून आजही त्यांचे स्मरण आदराने होते. परंतु 1787 मध्ये त्यांच्या निधनानंतर नागपूर दरबाराने येथे सुभेदार नेमले. जुन्या गढांच्या जागी परगणे आले, कमाविसदार आणि फडणीस आले, जमीनदारांवर टकोळी, व्यापारावर सायर, बिगरशेती प्रजेवर पंढरी अशी करांची मांडणी झाली. आणि सुभेदारीच मक्त्याने दिली जाऊ लागल्यावर वसुलीचा भार कोणाच्या माथी पडला असेल, हे सांगावयास नको.

या व्यवहाराची परीक्षा परकीय मापाने करण्याचे कारण नाही. 1674 मध्ये चिपळूणनजीकच्या छावणीतील आपल्या जुमलेदारांना छत्रपती शिवाजी महाराजांनी जे पत्र धाडले, त्यात दाणा, वैरण, भाजी जे लागेल ते रोख विकत घ्यावे, कुणब्यांना काडीचाही उपद्रव देऊ नये, अशी सक्त ताकीद आहे. रतनपुरावर गेलेल्या फौजेस हेच माप लावणे हा पूर्वजांचा अनादर नव्हे. तीच त्यांच्या परंपरेवरील खरी निष्ठा होय.

भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये इंग्रजांनी खालसा केले आणि दोनच वर्षांनी दुष्काळ पडला. सोनाखानचे बिंझवार जमीनदार नारायणसिंह यांनी कसडोलच्या एका व्यापाऱ्याचे कोठार उघडून धान्य उपाशी लोकांत वाटले, आणि आपण काय केले ते रायपूरच्या डेप्युटी कमिशनरास स्वतः होऊन कळविले. सरकारने त्यास लूट ठरविले. कैद, तुरुंगातून सुटका, सशस्त्र प्रतिकार आणि शेवटी 10 डिसेंबर 1857 रोजी याच शहरात फाशी, असा तो क्रम घडला.

या घटनेचे अर्थपूर्ण साम्य वीस वर्षे आधीच्या जपानात आढळते. तेथील सरदारांचे वैभव आणि सामुराईंचे वेतन तांदळाच्या मापानेच मोजले जाई. 1837 मध्ये, तेन्पो दुष्काळाच्या ऐन काळात, ओसाकातील निवृत्त पोलीस अधिकारी आणि विद्वान सामुराई ओशिओ हेइहाचिरो याने सरकारी कोठारे उघडण्याची विनंती केली; ती अव्हेरली गेली, तेव्हा आपला ग्रंथसंग्रह विकून त्याने गरिबांना पैसे वाटले आणि मग शस्त्र उचलले. उठाव दिवसभरातच मोडला, शहराचा मोठा भाग भस्मसात झाला, आणि लपण्याची जागा उघडकीस येताच ओशिओने प्राणत्याग केला. दोघेही शस्त्रधारी प्रतिष्ठित वर्गातले. दोघांनीही शस्त्र उचलण्याआधी दफ्तराचे दार ठोठावले. लोकक्षोभ हा अविवेकी झुंडीचा उद्रेक असतो, असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की बंडाच्या आधी बहुधा एक अर्ज असतो, आणि तो फेटाळणारा अंमलदार बंडाचा पहिला कर्ता ठरतो.

म्हणून माझी स्पष्ट मागणी अशी की, रायपुरातील मराठी संस्थांनी शिवजयंतीइतक्याच आस्थेने नारायणसिंहांचा 10 डिसेंबरचा स्मृतिदिन पाळावा, आणि भोसलेकालीन मोडी कागदांतून छत्तीसगडच्या रयतेची हकीगत शोधून ती मराठीत व हिंदीत प्रसिद्ध करण्याचे कार्य अंगावर घ्यावे. ज्या भूमीचे अन्न आपण खातो, तिच्या दुःखाचा हिशेब आपल्या इतिहासात लिहिल्यावाचून त्या इतिहासाचा गौरव करण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही.