कढीपत्त्यावरची अळी आणि बाटलीतलं ‘औषध’

घरी फुलपाखरं यावीत म्हणून बहुतेक जण आधी फुलझाडं आणतात. माझं मत थोडं वेगळं आहे. आधी घरातली कीटकनाशकाची बाटली बाहेर काढा आणि कढीपत्त्यावरची अळी राहू द्या. डॉक्टर म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं.

अळी म्हणजे रोग नव्हे

फुलपाखरू मध प्यायला कुठल्याही फुलावर बसतं, पण अंडी ठरावीक झाडांवरच घालतं. कढीपत्ता आणि लिंबावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन येतात. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, नंतर हिरवी होते. ती चार पानं खाते, कोष करते आणि साधारण महिन्याभरात फुलपाखरू बाहेर पडतं. झाडाला पुन्हा पालवी फुटते. फोडणीसाठी एक कुंडी आणि अळ्यांसाठी एक, इतकी साधी वाटणी पुरते.

‘औषध’ की विष?

आपला नाशिक जिल्हा द्राक्षबागांचा. फवारणी आपल्या अंगवळणी पडली आहे. शेतातलं उरलेलं कीटकनाशक कधी कधी कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून घरच्या कुंड्यांसाठी येतं. आपण त्याला ‘औषध’ म्हणतो आणि त्या शब्दानेच भीती निघून जाते. लहान मुलाला तर ती बाटली सरबताचीच वाटते. यातली काही रसायनं त्वचेतूनही शरीरात जातात. तोंडाला लाळ, खूप घाम, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, श्वास लागणं ही विषबाधेची लक्षणं आहेत. अशा वेळी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठा.

चार पानं वाचवण्यासाठी हा धोका घरात आणणं मला अजिबात पटत नाही.

लावताना एवढं पाहा

• चार-पाच तास ऊन येईल अशी जागा निवडा. मधासाठी एक्झोरा, पेंटास, झेंडू, सदाफुली लावा.

• रुईवर प्लेन टायगर आणि कण्हेरीवर कॉमन क्रो वाढतात. पण दोन्ही झाडं विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर फारसं न दुखताही दृष्टी धूसर होते. लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवा. घरात लहान मूल असेल तर ही झाडं नकोतच.

• फुलपाखरं ओल्या मातीतले क्षार शोषतात. त्यासाठी ताटलीत ओलसर माती ठेवा, पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. म्हणून आठवड्यातून एकदा ताटली आणि कुंड्यांखालच्या थाळ्या घासून कोरड्या करा.

• केसाळ अळीला हात लावू नका. ती बहुधा पतंगाची असते आणि तिच्या केसांनी अंगावर पुरळ उठतं.

मुलांना रोज अळी दाखवा, तिची लांबी वहीत लिहू द्या. आणि कुणी “कोणतं औषध मारू?” असं विचारलं, तर सांगा, थोडे दिवस थांबा.