काळ्या खडूतील माणसे

झॉर्झ सरा या फ्रेंच चित्रकाराचे नाव निघाले की रसिक लगेच ठिपक्यांची गोष्ट काढतात. १८८४ ते १८८६ या काळात रंगविलेले त्याचे ग्रांद जात बेटावरील रविवारचे चित्र जगप्रसिद्धच आहे. तथापि माझे मत असे की, १८९१ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेलेल्या या कलावंताचा मोठेपणा खरा कळतो तो त्याच्या काळ्या कॉन्ते खडूच्या मनुष्याकृतींत. १८८३ च्या पॅरिस सालोंत लागलेले त्याचे कामही असेच एक रेखाटन होते, आमाँ-जाँ या चित्रकार मित्राचे. पुढच्याच वर्षी सालोंने त्याचे स्नानाचे भव्य तैलचित्र नाकारले.

या चित्रांत रेषा जवळजवळ नाहीच. सरा खरबरीत कागद घेई आणि त्यावरून खडू हलक्या हाताने फिरवी. उंचवट्यांवर काळे बसे, खळग्यांत पांढरे तसेच राही. दाट अंधार हवा तेथे हात जड होई. आकृतीच्या काळ्या कडेमागची जागा तो किंचित उजळ ठेवी. बाह्यरेषेचे काम तेवढ्यावर भागे.

'चेहरेच नीट दिसत नाहीत, मग ही माणसे कसली?' असा आक्षेप येतो. राजा रविवर्म्याची चित्रे पाहत आलेल्या आम्हां बडोदेकरांना तो सुचणे स्वाभाविक आहे. परंतु सराने १८८२-८३ मध्ये काढलेले आपल्या आईचे चित्र पाहावे. मान खाली घालून ती भरतकाम करीत आहे. तिची वाकलेली मान आणि जवळ आलेले हात एवढ्यावरूनच तिचे कामात गढून जाणे आपल्याला जाणवते. चेहरा कोरून काढला असता तर लक्ष त्याकडेच गेले असते.

आपल्या जुन्या घरांत पगडीधारी पूर्वजांच्या तसबिरी आहेत. आजीची असलीच, तर पदर सावरून, समोर पाहत बसलेली. वाती वळणारी, धान्य निवडणारी आजी कोणी काढून ठेवली नाही. आणि घराला आठवते ती तर तीच. माजघरातल्या अंधुक उजेडात तिची पाठ पाहूनही आपण तिला ओळखीत होतो.

म्हणून घरातले मूल कोळसा घेऊन माणसे काढू लागले, तर 'नाक कुठे आहे?' हा प्रश्न आधी विचारू नये. त्याला कामात असलेल्या आजीसमोर बसवावे. ती वर पाहील याची वाट पाहायला मात्र सांगू नये.