नकट्याच्या शोधाला सतराशे विघ्ने

मित्रमैत्रिणींनो आणि पालकसभेला आलेल्या काका-काकूंनो,

आपल्या तलावाच्या पाळीवरचे वठलेले अर्जुनाचे झाड तोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी हे वर्गात बोललो तेव्हा मुले हसली. झाडाचा आणि बदकाचा काय संबंध, म्हणाली. संबंध आहे. तो मला पवनीला कळला, म्हणून आधी पवनीचे सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी पवनीला मामाकडे गेलो होतो. पवनी म्हणजे वैनगंगेच्या काठचे जुने गाव. तिथे देवळे आणि घाट इतके की लोक त्याला विदर्भाची काशी म्हणतात. १९६९-७० साली तिथे खोदकामात फार जुना बौद्ध स्तूप निघाला. तो पाहण्यासारखा आहे, पण मला ओढ होती नकट्याची.

नकटा हे एक मोठे रानबदक आहे. पाठ काळी, उन्हात हिरवी-जांभळी चमकते. पोट पांढरे. डोके आणि मान पांढरी, तिच्यावर काळे ठिपके, जणू कोणी शाई झटकली. नराच्या चोचीवर मोठा उंचवटा असतो. ज्याच्या नाकावर एवढा टेंगूळ त्याला नकटा का म्हणायचे, हे मला काही पटत नाही! त्यातून पावसाळा सरला की तो उंचवटा लहान होतो, आणि मादीला तर तो नसतोच. म्हणजे दिवाळीत ओळखायला आणखी अवघड. आजी म्हणते, तिच्या लहानपणी धानाच्या बांध्यांत नकटे उतरायचे. आता आमच्या भागात क्वचितच कोणी पाहिल्याचे सांगतो.

मी आणि मामा तीन दिवस पहाटे घाटाघाटाने फिरलो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात ना, तसेच झाले. पहिल्या दिवशी धुके इतके की पलीकडचा काठच दिसेना. दुसऱ्या दिवशी पाण्यावर काळी-पांढरी पाखरे दिसली. मामा "सापडला, सापडला" म्हणाला, तर ते वारकरी निघाले, पांढऱ्या कपाळाचे. तेवढ्यात एका पोराने गोटा भिरकावला आणि तेही उडाले. वाळूच्या बेटावर मात्र अकरा चक्रवाक बसले होते, भगव्या रंगाचे. ते हिमालयापलीकडून हिवाळ्यापुरते येतात. हळदी-कुंकू बदकांची एक जोडी दिसली. त्यांच्या चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी लाल ठिपका असतो, म्हणून हे नाव. नाव असे शोभले पाहिजे बघा.

तिसऱ्या दिवशी एक ढिवर आजोबा जाळे सोडवत बसले होते. त्यांना विचारले, तर हसले आणि म्हणाले, "पाण्यात कायले पाहता जी? झाडात पाहा ना." आम्हाला वाटले थट्टा करतात. पण त्यांनी आम्हाला काठावर नेऊन एक रुंद बुंधा दाखवला. जमिनीलगत कापलेला. त्या झाडाला मोठी ढोली होती आणि पावसाळ्यात तिथे नकट्याची जोडी बसायची, असे ते म्हणाले. झाड गेले, मग पाखरूही आले नाही.

गुरुजींना विचारले तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. नकटा पाण्याजवळच्या मोठ्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. तेही ऐन पावसाळ्यात. पिल्ले एक-दोन दिवसांची झाली की आईच्या हाकेसरशी वरून धपाधप उड्या टाकतात आणि तिच्यामागे पाण्याकडे चालू लागतात. काणूक आणि अडई ही बदकेसुद्धा ढोलीत घर करतात. पोपट आणि पिंगळा तर आहेतच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने नकट्याला मारणे किंवा त्याची अंडी नेणे गुन्हा आहे. पण दिवाळीनंतर कोरडे ठणठणीत झाड पाहून कोणाला अंडी आठवणार?

आता आपल्या गावाचे. आपला तलाव हा मामा तलाव. (माझ्या मामाचा नव्हे! मामा म्हणजे माजी मालगुजारी.) असे तलाव आपल्या भंडारा-गोंदिया भागात कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधले. पाळीवरचे ते अर्जुनाचे झाड आमच्या पणजोबांच्याही आधीचे आहे म्हणतात. त्याला वर ढोली आहे, आम्ही त्यात पोपट जाताना पाहिले. आता ते जळणासाठी लिलावात काढायचे आणि तिथे बसायला बाक करायचा, असे चालले आहे.

बाक हवा, मलाही हवा. फांदी पडून कोणाला लागेल ही भीतीही खोटी नाही. पण वाटेवर आलेली सुकी फांदी तेवढी छाटावी, बुंधा राहू द्यावा. बाक दहा पावले अलीकडे करता येतो. "एक तोडू, दहा लावू" असे काही जण म्हणतात. आम्ही वनमहोत्सवात दरवर्षी रोपे लावतो, पाणीही घालतो. पण माझ्या मनगटाएवढ्या रोपाला बदक मावेल अशी ढोली पडेपर्यंत माझे नातू या शाळेत येतील. तोवर नकट्याने कुठे राहावे?

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय येणार आहे. मुलांना तिथे हात वर करता येत नाही, तुम्हाला येतो.

मृग लागल्यावर आम्ही चौघे रोज पहाटे आळीपाळीने त्या ढोलीवर लांबून नजर ठेवणार आहोत. गोटे मारणाऱ्यांना घेणार नाही. ज्याला यायचे असेल त्याने या कागदाखाली नाव लिहावे. पेन्सिल दोऱ्याने बांधलेली आहे, ती नेऊ नये.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी