सीलबंद खोक्यातले सैनिक

1987 साली इंग्लंडमधल्या दुकानांत गेम्स वर्कशॉप या कंपनीचा एक खोका आला. आत प्लॅस्टिकचे 30 ‘स्पेस मरीन’, किंमत 9.99 पौंड, म्हणजे एक सैनिक 33 पेन्सला पडायचा. ‘वॉरहॅमर 40,000’ हा टेबलावर मांडून खेळायचा युद्धखेळ त्याच वर्षी निघाला होता. पोरांनी हे सैनिक घेतले, कापले, चिकटवले, रंगवले, आणि खेळता खेळता त्यांचे हातपायही मोडले. या सगळ्यातून वाचलेला, सुटे भाग अजून चौकटीतच असलेला एखादा खोका आज विकायला निघाला, तर तो सहज शंभर पौंडांपलीकडे जातो. तेच सैनिक जोडून ओबडधोबड रंगवलेले असले, तर त्यातला थोडासाच हिस्सा हाती येतो.

एवढा फरक पडण्याचं पहिलं कारण गोंदात आहे. प्लॅस्टिकचे सैनिक ज्या गोंदाने जोडतात, तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करून टाकतो. एकदा जोडलेला हात पुन्हा नीट सुटत नाही. धातूच्या सैनिकांचं तसं नाही. त्यांचा सांधा उकलता येतो, रंगही उतरवता येतो. ब्रिटनमधले जुने शौकीन त्यासाठी चक्क डेटॉल वापरत आले आहेत. सैनिक त्यात भिजत ठेवायचा आणि मग जुन्या टूथब्रशने घासायचा. त्यामुळे गेम्स वर्कशॉपच्याच सिटाडेल या छापाचा 1980 च्या दशकातला धातूचा सैनिक खोक्याबाहेर येऊनही आपली किंमत बरीचशी राखतो. प्लॅस्टिकच्या सैनिकाला ती सवलत नाही. म्हणूनच ‘अजून स्प्रूवर आहे’, म्हणजे भाग मूळ चौकटीतून कापलेले नाहीत, एवढं लिहिलं की गिऱ्हाईक थांबतं.

दुसरं कारण नकलांचं. धातूच्या सैनिकाचा सिलिकॉनमध्ये साचा घेऊन त्याची प्रत ओतणं अवघड नाही. प्रत मुळापेक्षा किंचित लहान निघते, चेहऱ्याची धार बोथट होते. पण फोटोत ते ओळखायला कसलेला डोळा लागतो. मूळ वेष्टनामागचा पुठ्ठा, त्यावरचा सांकेतिक क्रमांक आणि सैनिकाच्या पायाखालच्या पट्टीवर कोरलेलं नाव नि साल एकमेकांशी जुळलं, तर खरेदीदाराला भरवसा वाटतो. जास्तीचे पैसे या भरवशाचे असतात आणि ते रास्तच आहेत.

रास्त नाही तो सीलचा हट्ट. खोका कधीच उघडलेला नाही, या एका गोष्टीसाठी वर आणखी रक्कम मोजणारे संग्राहक आहेत, आणि त्यांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. पारदर्शक वेष्टन चढवायचं यंत्र कोणालाही विकत मिळतं, त्यामुळे नुसतं वेष्टन हा काही पुरावा नव्हे. त्याहून गंभीर गोष्ट शिशाची. 1990 च्या दशकात शिसं टाळण्याकडे कल वळला, त्याआधीच्या बहुतेक धातूच्या सैनिकांत ते आहे. पुठ्ठा आणि ओकसारखं लाकूड यांतून आम्लाची सूक्ष्म वाफ निघते. बंद जागेत ती साठली की शिशावर पांढरी पूड धरते आणि धातू हळूहळू खाल्ला जातो. वस्तुसंग्रहालयांना हा रोग चांगला ठाऊक आहे. खोका वर्षानुवर्षं घट्ट बंद ठेवणारा माणूस कदाचित त्या रोगाचीच सोय करत असतो, आणि उघडून पाहिल्याशिवाय त्याला ते कळणारही नाही.

भाव टिकेल का, हे साचे कोणाच्या ताब्यात आहेत यावरही ठरतं. 2015 मध्ये कंपनीने जुना ‘वॉरहॅमर फँटसी’ हा खेळ गुंडाळला आणि त्यातल्या ब्रेटोनिया राज्याचे सरदार दुकानांतून गेले. ज्यांच्याकडे खोके होते, त्यांना वाटलं आता भाव चढतच राहणार. 2024 मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ हा खेळ आला आणि त्याच जुन्या साच्यांतले सरदार नव्या खोक्यांत परतले. ‘हीरोक्वेस्ट’चं थोडं वेगळं झालं. 1989 चा हा खेळ हॅसब्रोने 2020 मध्ये आगाऊ पैसे गोळा करून पुढे पुन्हा काढला, पण मूर्ती नव्याने घडवल्या, काही राक्षसांची नावंही बदलली. ज्याला फक्त खेळायचं होतं, त्याची सोय झाली. ज्याला लहानपणचा तोच खेळ हवा होता, तो मात्र अजूनही जुना खोकाच शोधतो.

गेम्स वर्कशॉप डिसेंबर 2024 मध्ये लंडनच्या एफटीएसई 100 या निर्देशांकात दाखल झाली. तेव्हापासून ‘आजचा खोका घ्या, वीस वर्षं ठेवा’ हा सल्ला अधिकच मोहक वाटू लागला आहे. तो ऐकू नये. 1987 चा खोका दुर्मीळ झाला, कारण जवळजवळ सगळ्यांनी तो उघडला. आज हजारो लोक एकच खोका न उघडता कपाटात रचून ठेवत असतील, तर वीस वर्षांनी तो दुर्मीळ कसा ठरेल? शिवाय घडवणाऱ्याने हे सैनिक घडवले आहेत ते रंगवण्यासाठी, खेळण्यासाठी.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांनो, तुम्हाला जुन्या घराच्या माळ्यावर किंवा रविवारच्या जुन्या बाजारात असा खोका सापडला, तर एवढं जरूर करा: पुठ्ठा फेकू नका, आतला एकही कागद हरवू देऊ नका, पण खोका उघडा. धातूवर पांढरी पूड दिसली, तर तो सैनिक बाकीच्यांपासून वेगळा काढा, मुलांच्या हाती देऊ नका, आणि स्वतःचे हात साबणाने धुवा.