विश्लेषण : अमेरिकेतील जोडीदाराकडे जाण्यासाठी व्हिसा, वकील करावाच लागतो का?

लग्न झाले, प्रमाणपत्र हाती आले आणि अमेरिकेत राहणारा जोडीदार नोकरीवर परत गेला. यानंतर अनेक मराठी घरांत पहिली चर्चा होते ती वकिलाची. एक नातेवाईक बजावतो, ‘वकिलाशिवाय अर्जाला हात लावू नका.’ दुसरा सांगतो, ‘आम्ही सगळे घरबसल्या ऑनलाइन भरले, एक डॉलरही जास्त गेला नाही.’ दोघेही आपापल्या अनुभवापुरते बरोबर असतात. पण त्यांची फाइल वेगळी आणि आपली वेगळी. म्हणून हा निर्णय ऐकीव अनुभवावर किंवा भीतीपोटी न घेता स्वतःच्या फाइलकडे पाहून घ्यायला हवा.

नेमका कोणता व्हिसा?

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. जोडीदार एच-१बी व्हिसावर असेल, तर पती किंवा पत्नीला मिळतो तो एच-४. तो तात्पुरत्या वास्तव्याचा व्हिसा आहे आणि त्याचा अर्ज डीएस-१६० या फॉर्मने होतो. या लेखातील प्रक्रिया त्याला लागू नाही.

जोडीदार अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर कायम वास्तव्यासाठी इमिग्रंट व्हिसा लागतो. नागरिकाच्या जोडीदारासाठी वार्षिक संख्येची मर्यादा नाही. ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार मात्र ‘एफ-२ए’ या गटात मोडतो. तिथे मर्यादा आहे आणि आपला क्रमांक कधी लागणार, हे दरमहा प्रसिद्ध होणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये पाहावे लागते.

प्रक्रिया कशी चालते?

तिचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात अमेरिकेतील जोडीदार तेथील नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे, आय-१३० हा अर्ज करतो. लग्न खरे आणि कायदेशीर आहे, हे इथे दाखवायचे असते. मंजुरीनंतर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे डीएस-२६० हा फॉर्म, आर्थिक हमीचे आय-८६४ आणि जन्म, विवाह, पोलीस पडताळणी अशी कागदपत्रे ऑनलाइन चढवायची असतात. तिसरा टप्पा वैद्यकीय तपासणी आणि मुलाखतीचा. भारतातील अर्जदारांच्या या प्रकारच्या मुलाखती मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात होतात.

वकील केला म्हणून यातला कोणताही टप्पा टळत नाही. वकिलांच्या अर्जांसाठी वेगळी, वेगवान रांगही नाही. मुलाखतीत अधिकारी अर्जदारालाच प्रश्न विचारतो आणि उत्तरे त्यानेच द्यायची असतात. ‘लवकर करून देतो’ किंवा ‘हमखास करून देतो’ असे सांगणारा माणूस त्याच्या हातात नसलेली गोष्ट विकत असतो.

सरकारी खर्च किती?

१ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार आय-१३० साठी ऑनलाइन ६२५ डॉलर, तर कागदी अर्जासाठी ६७५ डॉलर शुल्क आहे. त्यानंतर व्हिसा अर्जाचे ३२५, आर्थिक हमीच्या तपासणीचे १२० आणि ग्रीन कार्डसाठी यूएससीआयएसचे २३५ डॉलर. ऑनलाइन अर्ज केल्यास ही बेरीज १,३०५ डॉलर होते. वैद्यकीय तपासणी, प्रवास आणि भाषांतर यांचा खर्च वेगळा. शुल्क बदलत असते, त्यामुळे भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरील आकडाच प्रमाण मानावा. वकिलाची फी या सगळ्याच्या वर येते. म्हणून त्या फीच्या बदल्यात नेमके काय मिळणार, हे विचारणे रास्त आहे.

वकिलाशिवाय कोणाला जमू शकते?

दोघांचेही पहिलेच लग्न. विवाह नोंदणी झालेली. अमेरिकेतील जोडीदार तिथेच राहतो, कर भरतो आणि त्याची नोकरी स्थिर आहे. भारतातील जोडीदाराला याआधी व्हिसा नाकारलेला नाही, अमेरिकेत मुदतीबाहेर वास्तव्य नाही, पोलीस प्रकरण नाही. अशा फाइलमध्ये कायद्याचा प्रश्न जवळपास नसतो. असते ते कागद गोळा करण्याचे काम. ते कंटाळवाणे आहे, पण इंग्रजी सूचना नीट वाचू शकणाऱ्या जोडप्याला जमण्यासारखे आहे.

मराठी अर्जदारांना सर्वाधिक धास्ती वाटते ती नावांची. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, आधारवर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव, पासपोर्टवर तिसरेच काही. ही अडचण खरी आहे, पण तेवढ्यासाठी अमेरिकेतील वकील लागत नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, गरज असेल तिथे राजपत्रातील नावबदल, आणि अर्जात आजवर वापरलेल्या सगळ्या नावांची प्रामाणिक नोंद, एवढ्यावर बहुतेक प्रश्न सुटतो.

जन्मदाखल्याचेही तसेच. जन्माची नोंदच नसेल, तर स्थानिक प्राधिकरणाकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणि सोबत शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा दुय्यम पुरावा देता येतो. हे काम ग्रामपंचायत किंवा महापालिकेच्या खिडकीवर होते.

ठरवून केलेल्या लग्नाचेही दडपण नको. ‘तीन भेटींत लग्न ठरले’ हे लपवून प्रेमकथा रचण्याची गरज नाही. लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती, दोन्ही घरच्यांसोबतचे फोटो, भेटीसाठी केलेल्या प्रवासाची तिकिटे, नियमित संपर्काच्या नोंदी हे पुरावे पुरेसे बोलके असतात.

वकील टाळू नये असे प्रसंग कोणते?

काही फाइलमध्ये मात्र कागद पूर्ण असूनही प्रश्न उरतो. तिथे वकिलाची फी वाचवणे महागात पडू शकते.

पहिला प्रसंग अमेरिकेतील आधीच्या वास्तव्याचा. विद्यार्थी किंवा पर्यटक म्हणून गेलेली व्यक्ती बेकायदा ठरणाऱ्या वास्तव्यात १८० दिवसांहून अधिक, पण एक वर्षाहून कमी काळ राहून परतली असेल, तर तीन वर्षांची प्रवेशबंदी लागू शकते. एक वर्ष किंवा अधिक काळ झाला असेल, तर दहा वर्षांची. हे दिवस कसे मोजायचे आणि माफीचा आय-६०१ अर्ज शक्य आहे का, हे ठरवणे जाणकाराचे काम आहे.

दुसरा प्रसंग आधी दिलेल्या चुकीच्या माहितीचा. एखाद्या जुन्या व्हिसा अर्जात लग्न, नोकरी किंवा नातेवाईक यांबद्दल खोटे लिहिले असेल आणि अधिकाऱ्याने ते जाणूनबुजून केलेले ठरवले, तर बंदीला मुदतच नसते. माफीचा मार्ग अरुंद आहे. आधीचे एखादे लग्न केवळ ग्रीन कार्डसाठी केल्याचे ठरले असेल, तर पुढचे खरे लग्नही मंजूर होत नाही.

तिसरा प्रसंग घटस्फोटाचा. न्यायालयाचा हुकूमनामा हातात असेल तर सहसा अडचण येत नाही. पण काडीमोडीसारखा रूढीनुसार झालेला घटस्फोट असेल, तर ती रूढी त्या समाजात मान्य होती आणि तिचे पालन झाले, हे सिद्ध करावे लागते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) मध्ये अशा घटस्फोटाला जागा आहे, पण अमेरिकी अधिकाऱ्यापुढे ते मांडायला तयारी लागते. हुकूमनाम्यानंतर अपिलाची ९० दिवसांची मुदत संपण्याआधीच दुसरे लग्न झाले असेल, तर त्याबद्दलही शंका विचारली जाऊ शकते. इथे अमेरिकी वकिलासोबत भारतातील कौटुंबिक कायद्याच्या वकिलाचेही मत उपयोगी पडते.

चौथा प्रसंग कोणत्याही अटकेचा, गुन्ह्याचा किंवा खटल्याचा. मग प्रकरण मिटलेले असो किंवा निर्दोष सुटका झालेली असो. पाचवा प्रसंग अमेरिकी नागरिक असूनही पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या जोडीदाराचा. आर्थिक हमी देणाऱ्याचे वास्तव्य अमेरिकेत असावे लागते, किंवा तो तिथे परतून स्थायिक होणार असल्याचे दाखवावे लागते.

नकार मिळाला तर न्यायालयात जाता येते का?

कागद कमी असल्याने कलम २२१(जी) खाली फाइल थांबली, तर एका वर्षाच्या आत तो कागद देऊन ती पुढे नेता येते. मात्र अर्जदार प्रवेशास अपात्र ठरला, तर परिस्थिती अवघड होते.

‘डिपार्टमेंट ऑफ स्टेट विरुद्ध मुनोझ’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ जून २०२४ रोजी निकाल दिला. मूळ दावा करणाऱ्या सँड्रा मुनोझ स्वतः अमेरिकी नागरिक आणि कामगार हक्कांसाठी काम करणाऱ्या वकील. त्यांच्या साल्वादोरी पतीला दूतावासाने व्हिसा नाकारला होता. परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा, असा नागरिकाचा मूलभूत घटनात्मक हक्क नाही, असे न्यायालयाने बहुमताने ठरवले. दूतावासाच्या व्हिसा नकारात न्यायालये एरवीही सहसा हस्तक्षेप करत नाहीत.

यातून निघणारा व्यवहारी अर्थ साधा आहे. फाइलमध्ये शंकास्पद काही असेल, तर वकिलाची वेळ अर्जाच्या आधी असते. नकारानंतर धावाधाव करून त्याच्या हातात फारसे काही उरत नाही.

आर्थिक हमीचा कागद कोणी नीट वाचावा?

आय-८६४ हा फॉर्म अनेक जण शेवटच्या दिवशी सही करून टाकतात. प्रत्यक्षात तो कायदेशीर करार आहे. हमी देणाऱ्याचे उत्पन्न साधारणपणे अमेरिकेच्या दारिद्र्य निकषाच्या १२५ टक्के असावे लागते. २०२५ च्या निकषांनुसार दोघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला सुमारे २६,४०० डॉलर होती. उत्पन्न कमी पडले, तर मालमत्ता दाखवता येते किंवा दुसरा सहहमीदार घेता येतो.

महत्त्वाची बाब पुढे आहे. घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी संपत नाही. जोडीदार अमेरिकेचा नागरिक होईपर्यंत, कामाच्या ४० तिमाही त्याच्या खात्यावर जमा होईपर्यंत, तो कायमचा देश सोडेपर्यंत किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत ती चालू राहते. ‘फक्त सही हवी आहे’ म्हणून मामा, आत्या किंवा मित्राला सहहमीदार करणाऱ्यांनी त्यांना हे आधी सांगायला हवे. ज्याची सही आहे, त्याला स्वतंत्र सल्ला घ्यावासा वाटला तर त्यात अविश्वास मानू नये.

एजंट आणि वकील यांत फरक काय?

अमेरिकेत स्थलांतर कायदा संघराज्याचा आहे. त्यामुळे कोणत्याही राज्याच्या बारची सनद असलेला वकील हे काम करू शकतो. टेक्सासमधील जोडप्याला न्यू जर्सीचा वकील चालतो. त्याचे नाव आणि सनद चालू आहे की नाही, हे त्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर तपासता येते. वकिलाने प्रकरण हाती घेतले, की तो जी-२८ हा फॉर्म भरून सरकारला तसे कळवतो. अमेरिकेच्या न्याय विभागाने मान्यता दिलेले काही प्रतिनिधीही सेवाभावी संस्थांमार्फत असे काम करतात.

गल्लीतला व्हिसा सल्लागार फॉर्म टंकून देऊ शकतो, कायदेशीर सल्ला हे त्याचे काम नाही. त्याला पारखायची एक सोपी कसोटी आहे. आय-१३० मध्ये अर्ज तयार करून देणाऱ्याने स्वतःचे नाव लिहून सही करण्याचा भाग असतो. पैसे घेऊनही तिथे सही करायला जो नकार देतो, त्याच्याकडे फाइल ठेवू नये. ‘टुरिस्ट व्हिसावर जा, कारण विचारले तर फिरायला सांगा, मग तिथेच अर्ज करू’ असा सल्ला मिळाला, तर तिथून उठलेले बरे. खोट्या कारणाची किंमत एजंट मोजत नाही. बंदी लागते ती अर्जदाराला.

वकिलाने भरलेल्या अर्जावरही सही जोडप्याचीच असते. आतील प्रत्येक ओळीची जबाबदारी त्यांचीच राहते. त्यामुळे न वाचता सही करू नये आणि पूर्ण अर्जाची प्रत स्वतःकडे ठेवावी.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि बहुतेक सरळ फाइलसाठी तोच शहाणपणाचा आहे. अर्ज स्वतः भरावा, कागद स्वतः जमवावेत आणि पाठवण्याआधी एकदा वकिलाकडून तपासून घ्यावेत. अनेक वकील ठरलेल्या फीमध्ये एका भेटीचा सल्ला देतात. त्या भेटीत चार गोष्टी विचाराव्यात. या फाइलमध्ये कायद्याचा कोणता प्रश्न दिसतो? फीमध्ये तिन्ही टप्पे येतात की फक्त आय-१३०? काम प्रत्यक्ष कोण करणार? जादा कागद मागवले गेले, तर वेगळी फी लागेल का? उत्तरे लेखी घ्यावीत.

पहिल्या प्रश्नाला वकिलाकडे नेमके उत्तर नसेल आणि तरीही तो संपूर्ण प्रकरण घेण्याचा आग्रह धरत असेल, तर दुसरे मत घ्यावे. उत्तर नेमके असेल, तर ती फी द्यावी. अमेरिकेत पोहोचताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचे आणि सशर्त मिळते. त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ अर्ज करून लग्न खरे असल्याचे पुन्हा दाखवावे लागते. तेव्हा आज भरलेली प्रत्येक तारीख पुन्हा तपासली जाऊ शकते. त्यामुळे वकील करा किंवा करू नका, अर्जातील माहिती खरी आणि सगळीकडे सारखी असणे याला पर्याय नाही.