वाकडी नदी आणि सरळ रस्ता

मुलगा जर्मनींत किंवा लक्झेंबर्गमध्यें नोकरीस आहे आणि उन्हाळ्याच्या सुटींत आईवडील त्याच्याकडे निघाले आहेत, असें आतां पुष्कळ घरांत घडतें. तेथें गेल्यावर एखादे दिवशीं बेत ठरतो कीं, मोझेल नदीचें खोरें पाहूं या. हें खोरें द्राक्षमळ्यांसाठीं व द्राक्षासवासाठीं प्रसिद्ध. तेव्हां ज्या घरांत मद्याचा स्पर्शहि नाहीं, त्यांनीं तेथें काय पाहावें, हा पहिला प्रश्न. आणि सहा वर्षांच्या नातवापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सर्वांनीं तेथें फिरावें कसें, हा दुसरा. आमच्या मतें दुसऱ्याचें उत्तर नीट मिळालें, म्हणजे पहिला प्रश्न उरतच नाहीं.

मोझेल फ्रान्समधील व्होज पर्वतांत उगम पावते, लक्झेंबर्गची सीमा धरून जर्मनींत शिरते आणि कोब्लेंझ येथें ऱ्हाइनला मिळते. ट्रीअरपासून कोब्लेंझपर्यंत लोहमार्गानें अंतर ११२ किलोमीटर. नदीनें गेल्यास तें १९० हून अधिक भरतें. इतकी ही नदी वाकडी. पण तो वाकडेपणा हेंच तिचें वैभव होय. वळणावळणाला कोणता ना कोणता काठ दक्षिणेच्या उन्हाला सन्मुख होतो आणि त्या उतारावर द्राक्षें पिकतात. तेथील डोंगराचा दगड म्हणजे पाटीचा दगड. आमच्या पिढीनें ज्या दगडी पाटीवर अक्षरें गिरविलीं, त्याच जातीचा. तो दिवसा तापतो व रात्रीं ऊब सोडतो. म्हणून इतक्या उत्तरेस असूनहि वेलीला थंडी बाधत नाहीं. तात्पर्य, जें साधन नदीचीं वळणें टाळतें, तें वेळ वांचवितें खरें. परंतु ज्यासाठीं इतक्या दूर आलों, तेंच गाळून पुढें जातें. ही कसोटी हातीं धरून एकेक साधन पाहूं.

पहिलें साधन मोटार. ती दाराशीं उभी असते, म्हणून बहुधा तीच निघते. तिचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. औषधांची पिशवी, दशम्यांचा डबा, शाली सर्व कांहीं जवळ राहतें आणि दुखऱ्या गुडघ्यांना स्थानकांचे जिने चढावे लागत नाहींत. पण बरोबर पिणारी मित्रमंडळी असतील, तर चालक कोण हें आधींच ठरवावें. जर्मनींत चालकाच्या रक्तांत मद्यांशाचें प्रमाण हजारीं ०.५ भरलें कीं दंड होतो. आणि ज्याचें वय २१ च्या आंत आहे किंवा ज्याचा परवाना अजून दोन वर्षांच्या परीक्षाकाळांत आहे, त्यास एक थेंबहि वर्ज्य आहे. शिवाय मोटारीच्या रस्त्यांना नदी म्हणजे अडचण. नोव्हेंबर २०१९ मध्यें उर्त्सिग आणि त्सेल्टिंगन या गांवांजवळ मोझेलवर एक पूल खुला झाला. त्याची लांबी १,७०२ मीटर, उंची सुमारें १६० मीटर. वरच्या रस्त्याच्या कामानें वेलींच्या मुळांशीं येणारें पाणी तुटेल, अशी भीति घालून कित्येकांनीं त्यास विरोध केला होता. त्या पुलावरून सगळें खोरें मिनिट-दीड मिनिटांत मागें पडतें.

मोटारीचा आणखी एक दोष आम्हीं अनेकांच्या तोंडून ऐकिला आहे. गाडी अर्ध्या अर्ध्या तासानें थांबते, तरुण मंडळी उतरून छायाचित्रें घेतात, आणि मागच्या आसनावरून आवाज येतो, ‘तुम्ही या जाऊन, मी बसतों इथेंच.’ घरीं परतल्यावर तेच वडील शेजाऱ्यांना सांगतात, ‘फार सुंदर प्रदेश!’ त्यांनीं पाहिलेली असते ती बहुतेक मोटारींची रांग.

दुसरें साधन आगगाडी. कोब्लेंझ ते ट्रीअर हा लोहमार्ग १८७९ सालीं सुरू झाला. बर्लिनहून मेट्झकडे सैन्य जलद नेतां यावें, या हेतूनें जो मोठा मार्ग बांधला, त्याचा हा भाग. सैन्याला देखावा पाहावयाचा नसतो. म्हणून कोखेमजवळ नदी सुमारें २४ किलोमीटरचें जें वळण घेते, तें हा मार्ग ४,२०५ मीटरांच्या बोगद्यानें ओलांडतो. आणि बुलायच्या पुढें तर तो नदीचा हातच सोडतो, तो थेट ट्रीअर जवळ येईपर्यंत. नदीचा मधला भाग पाहावयाचा असेल, तर बुलायला गाडी बदलून ट्राबेन-ट्रारबाखच्या लहान फांटेगाडींत बसावें. पूर्वीं ट्रीअर ते बुलाय काठाकाठानें जाणारी दुसरी एक रेल्वेहि होती. ती १९०३ ते १९०५ या काळांत टप्प्याटप्प्यानें उघडली. पिणाऱ्यांची गाडी असें तिला लोक थट्टेनें म्हणत. १९६८ पर्यंत ती बंद पडली. तिचें काम आतां मोटारबसा करतात. खर्चाच्या दृष्टीनें मात्र आगगाडी सोयीची. मे २०२३ पासून जर्मनींत एकच मासिक तिकीट काढून सर्व स्थानिक गाड्यांतून व बसांतून हिंडतां येतें. आरंभीं तें ४९ युरोंचें होतें, पुढें दर वाढला. लक्झेंबर्गमध्यें तर २०२० पासून दुसऱ्या वर्गाचा प्रवास सर्वांस विनामूल्य आहे, आणि त्या देशाचाहि एक काठ मोझेलला लागूनच आहे.

तिसरें साधन नाव, आणि वृद्धांसाठीं आमचा कौल हिलाच. १९६४ सालीं मोझेल मोठ्या नौकांसाठीं बांधून काढली गेली. कोब्लेंझपासून ट्रीअरपर्यंत तिच्यावर दहा बंधारे व तितक्याच जलपाशिका आहेत. नाव एका मोठ्या हौदांत शिरते, दारें मिटतात, पाणी हळूहळू चढतें आणि नाव वरच्या पातळीला येते. हा खेळ नातू व आजोबा सारख्याच कौतुकानें पाहतात. कोखेमहून बाइलश्टाइनपर्यंतचा प्रवास तासाभराचा असून त्यांत अशी एक जलपाशिका लागते. बाइलश्टाइनला रेल्वे नाहीं. म्हणूनच कीं काय, तें गांव फारसें बदललेलें नाहीं. नावा प्रायः वसंतापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच चालतात, आणि नदीला पूर आला कीं थांबतात. वेळापत्रक आधीं पाहावें.

चौथें सायकल व पांचवें पायीं चालणें. काठची सायकलवाट बहुतेक सपाट आहे. जातांना सायकलीनें व परत येतांना आगगाडीनें, असा क्रम तरुणांस सोयीचा. पायीं चालणारांसाठीं पेर्ल ते कोब्लेंझ ३६५ किलोमीटरांची, २४ टप्प्यांची वाट २०१४ सालीं आंखिली गेली. नर्मदेच्या परिक्रमेचें पुण्य तींत नाहीं. परंतु नदीची संगत न सोडण्याचा नियम बराचसा तोच. ब्रेम गांवाजवळचा काल्मोंटचा उतार कांहीं ठिकाणीं साठ अंशांहून अधिक उभा आहे. तेथें शिड्या व लोखंडी दोर धरून चढावें लागतें. तो मार्ग वडिलांनीं खालूनच पाहावा. पायीं गेल्यावर एक गोष्ट कळते, जी मोटारींतून कधींच कळत नाहीं. ती हिरवळ आपोआप उगवलेली नाहीं. पाटीच्या दगडाच्या ताली रचून मनुष्यानें ती वर नेली आहे. उभ्या उतारावर अजूनहि पुष्कळसें काम हातानेंच होतें; कोठें कोठें एका रुळावरची दातेरी गाडी माणसांस व ओझ्यास वर नेते. जेथें कष्ट परवडेनासे झाले, तेथें मळे पडीक पडून झुडपें माजलीं आहेत.

या नदीचें वर्णन करणारा पहिला मोठा कवि एक शिक्षक होता, हें सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. ऑसोनियस हा बोर्दो येथें व्याकरण व अलंकारशास्त्र शिकवी; पुढें ट्रीअरला राजपुत्र ग्रेशियन याचा गुरु झाला. इ. स. ३७१ च्या सुमारास त्यानें मोझेलवर ४८३ ओळींचें लॅटिन काव्य रचिलें. अरण्यांतून खुष्कीच्या मार्गानें येऊन तो नदीशीं पोंचला. नंतर तिचे मासे, मळे, नावाडी हे सर्व त्यानें सावकाश पाहिले. घाई असती, तर काव्य झालें नसतें.

कूस गांवच्या एका नावाड्याचा मुलगा निकोलस पुढें धर्माधिकारी व मोठा तत्त्वज्ञ झाला. त्यानें १४५८ सालीं आपल्या गांवीं, नदीकाठींच, ३३ वृद्धांसाठीं आश्रम स्थापिला. तेथें आजहि वृद्ध राहतात आणि त्या संस्थेचे स्वतःचे द्राक्षमळे आहेत. म्हाताऱ्यांची जागा नदीच्या काठीं असावी, हें त्या नावाड्याच्या मुलास समजलें होतें.

म्हणून आमची सूचना अशी. मुक्काम कोखेमला करावा. सकाळीं तरुणांनीं सायकलीनें निघावें. वडीलधाऱ्यांनीं एका जाणत्या माणसाच्या सोबतीनें, नातवंडें घेऊन नावेनें यावें. दुपारीं बाइलश्टाइनला सर्वांनीं एकत्र डबा सोडावा. पुष्कळ मळेवाले ताजा द्राक्षरसहि विकतात. तो निःशंक घ्यावा. मोटार त्या दिवशीं मुक्कामींच राहूं द्यावी. आणि बेत ठरवितांना पहिला प्रश्न आजीआजोबांस विचारावा. ‘कुठें न्यावें’ हा नव्हे, ‘कशांत बसून जावयाचें’ हा.